चांगला कॅथलिक समाजवादी असू शकतो का? पोप लिओंच्या नावामागचा सव्वाशे वर्षांचा वाद

शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट ८ मे २०२५ रोजी पोप झाले आणि त्यांनी नाव घेतलं लिओ चौदावे. हेच नाव का, हे त्यांनी दोनच दिवसांत कार्डिनलांना सांगितलं. पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात लिओ तेरावे यांनी कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता; आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसाच प्रश्न पुन्हा समोर आलाय, असं त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे झोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले. ममदानी मुस्लिम आहेत, त्यांचा चर्चशी संबंध नाही. पण ते ज्या संघटनेचे सदस्य आहेत, त्या 'डेमोक्रॅटिक सोशालिस्ट्स ऑफ अमेरिका'च्या जन्मकथेत चर्च आहे. संघटनेचे संस्थापक मायकेल हॅरिंग्टन तरुणपणी, १९५१ मध्ये, न्यूयॉर्कच्या 'कॅथलिक वर्कर' चळवळीत आले. गरिबांना जेवू घालायचं, एका सेंटला विकलं जाणारं वृत्तपत्र काढायचं, असं तिथलं काम. पुढे हॅरिंग्टन यांची श्रद्धा गेली, पण गरिबीचा विषय काही सुटला नाही.

मग पोप समाजवादाच्या बाजूने आहेत का? इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

१८९१ चं पत्र काय सांगतं?

लिओ तेरावे यांचं 'रेरम नोव्हारम' हे पत्र १५ मे १८९१ चं. त्यात समाजवाद साफ नाकारलाय. खासगी मालमत्ता हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे, असं ते म्हणतं. पण तेच पत्र पुढे म्हणतं की कामगाराने नाइलाजाने कमी पगार मान्य केला, म्हणून तो न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं भागेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, त्याला संघटना करता आली पाहिजे आणि गरज पडली तर सरकारने मध्ये पडलं पाहिजे. त्या काळच्या गिरणीमालकांना हे वाचून फार आनंद झाला नसणार.

१९३१ मध्ये पोप पायस अकरावे आणखी कडक झाले. चांगला कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. हे वाक्य आजही अमेरिकेत समाजवादाचे विरोधक पुढे करतात. त्याच पत्रात, मवाळ समाजवाद्यांच्या काही मागण्या ख्रिस्ती सुधारकांच्या मागण्यांच्या जवळ येतात, अशीही कबुली आहे. ती मात्र सहसा कुणी सांगत नाही.

मग बदललं काय?

माझ्या मते चर्चपेक्षा समाजवाद जास्त बदलला. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९५९ मध्ये गोडेसबर्ग इथे मार्क्सवादाला रामराम ठोकला आणि आपल्या विचारांच्या मुळांमध्ये ख्रिस्ती नीतिमत्तेचाही उल्लेख केला. पायस यांनी ज्याला नकार दिला तो समाजवाद आणि निवडणूक लढवून पेन्शन, आरोग्यसेवा मागणारा समाजवाद, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

म्हणूनच पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००६ मध्ये छापून आलेल्या एका लेखात, लोकशाही समाजवाद अनेक बाबतींत कॅथलिक सामाजिक शिकवणीच्या जवळ होता आणि आहे, असं लिहिलं. बेनेडिक्ट डावे नव्हते. कार्डिनल असताना लॅटिन अमेरिकेतल्या मुक्तीवादी धर्मशास्त्राला चाप लावणारे तेच. फ्रान्सिस यांनी तर स्पष्टच म्हटलं की चर्चने खासगी मालमत्तेचा हक्क कधीच निरपवाद मानलेला नाही.

आपल्याकडेही याचं एक उदाहरण आहे. जॉर्ज फर्नांडिस पाद्री होण्यासाठी बंगळुरूच्या सेमिनरीत गेले होते. तिथलं शिक्षण अर्धवट सोडून ते मुंबईत आले आणि समाजवादी कामगार नेते झाले. ते चर्चमध्येच राहू शकले असते का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

खरा वाद कुठे आहे?

गर्भपातावर तर आहेच. तिथे अमेरिकी बिशप आणि हॅरिंग्टन यांची संघटना समोरासमोर उभे आहेत आणि तडजोडीची चिन्हं नाहीत.

पण आर्थिक बाजूने मुद्दा वेगळा आहे: काम करायचं कुणी? कॅथलिक शिकवणीत 'सब्सिडिअॅरिटी' नावाचं तत्त्व आहे. जे काम कुटुंब, संघटना किंवा गाव करू शकतं, ते वरच्या सत्तेने हिसकावू नये. खालच्यांना जमत नसेल तर मात्र मदतीला यावं. ममदानींनी महापालिकेची किराणा दुकानं काढायचं आश्वासन दिलं होतं. या तत्त्वाने विचार केला तर पहिला प्रश्न येईल की हेच दुकान वस्तीतल्या लोकांच्या सहकारी संस्थेला चालवता येईल का?

हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही. स्पेनच्या बास्क भागात होसे मारिया अरिझमेंडिअरिएटा या कॅथलिक पाद्र्याच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा छोटा कारखाना काढला. त्यातून वाढलेल्या 'मोंद्रागोन' समूहात आज सुमारे ७० हजार लोक काम करतात. समूहातली घरगुती उपकरणांची मोठी संस्था 'फागोर' २०१३ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या अनेक सभासदांना इतर संस्थांनी सामावून घेतलं. मोंद्रागोनचा दाखला कॅथलिक विचारवंत देतात आणि अमेरिकेतले लोकशाही समाजवादीही.