माईक मागच्या रांगेत जाऊ द्या


मंचावर दोन माईक आणि मंडपात एकही नाही, अशा सभेत पुढारीच बोलतो. मागच्या रांगेतल्या कोरडवाहू शेतकऱ्यानेही उठून कापसाच्या भावाचा हिशेब विचारावा, म्हणून आम्ही बिनतारी माईकचा आग्रह धरतो. ऐनवेळी माईक खरखरला, की पहिला बुडतो तो त्याचाच प्रश्न.

म्हणून तासभर आधी या. माईक बंद ठेवून रिसीव्हर सुरू करा. तरी सिग्नलचा दिवा लागला, तर त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरे कोणी आहे. दोन्हींवर ती बदला. दोन माईकना एकच फ्रिक्वेन्सी नको. रिसीव्हर उंचावर, आडोसा नसेल असा ठेवा. सेल नवे घाला. कर्ण्यासमोर माईक नेला की शिट्टी वाजते. शेवटी मागच्या रांगेतून बोलून पाहा. मंचावर स्पष्ट ऐकू आले, तरच सभा सुरू करू.