पट्टा कुणाच्या मापाचा?

शाळेतल्या मुलांची उंची, वजन आणि रक्तदाब हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. मारहाण, पोटगी, बालविवाह हे सगळं समोर असताना वजनकाट्याचं एवढं काय? पण वस्त्यांमधल्या किशोरी गटांबरोबर काम करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. मुलीला कळायला लागल्यावर तिच्या शरीराचं चारचौघांतलं पहिलं मोजमाप शाळेत होतं. ते कोण करतं, कसं करतं आणि त्या आकड्याचं पुढे काय होतं, हा राजकीय प्रश्न आहे.

आपल्याकडे प्रगतिपुस्तकात दोन्ही सत्रांसाठी उंची-वजनाचे रकाने असतात. ते भरायचे म्हणून सत्राअखेर काटा वर्गात येतो. मी पाहिलेल्या एका सातवीच्या वर्गात काटा फळ्याखाली ठेवला होता. सर आकडा मोठ्याने वाचत होते, मॉनिटर वहीत लिहून घेत होती. ‘चोपन्न’ ऐकल्याबरोबर मागच्या बाकांवर हसू फुटलं. नंतर एक मुलगी आली एकोणतीस किलोची. तिला ‘फुंकर मारली तर उडेल’ असं ऐकावं लागलं. चोपन्न किलोची मुलगी दुसऱ्या सत्रात काट्याच्या दिवशी शाळेत आलीच नाही. तिच्या रकान्यात अंदाजाने एक किलो वाढवून लिहिलं गेलं. म्हणजे अपमान खरा आणि नोंद खोटी!

हे आकडे घरी पोचतात तेव्हा त्यांचा अर्थ आरोग्याचा उरत नाही, लग्नाचा होतो. जाड मुलीचा भात बंद होतो. बारीक मुलीला ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणून टोमणे मिळतात, ताटात मात्र जास्तीचं काही पडत नाही. मुलगा तेवढाच जाड असला तर तो ‘खात्यापित्या घरचा’. छातीच्या घेराचं माप घ्यायला पुरुष शिक्षक उभे राहतात तेव्हा मुली काय करतात हे सांगायला नको. श्वास रोखून, खांदे पाडून उभ्या राहतात. त्या मापाला शास्त्रीय किंमत शून्य.

काही मैत्रिणी यावर म्हणतात, मुलींना मोजणंच बंद करा. मला हे पटत नाही. मोजलं नाही की मुलगी मोकळी होते असं नाही, ती नुसती दिसेनाशी होते. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधला अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. बायका ते भोगत होत्याच, कुणी बघितलं नव्हतं इतकंच. बघणं कसं असावं यावर भांडायचं की बघूच नका म्हणायचं, यात मी पहिला रस्ता धरीन.

आणि बघण्यासारखं बरंच आहे. २०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक निघाली, ५ टक्के जास्त वजनाची. ५ टक्के मुलांचा रक्तदाब वाढलेला होता. पंडुरोग मुलग्यांमध्ये १८ टक्के तर मुलींमध्ये ४० टक्के! रक्तदाब हा चाळिशीनंतरचा, पैसेवाल्यांचा आजार, हा समज आपल्या बैठकांमध्येही आहे. तो सोडायला हवा.

पुण्याचा अनुभव तर याहून बोलका आहे. केईएम रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची वयाच्या आठव्या वर्षी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आजचं वजन हिशोबात धरल्यावर असं दिसलं, की जन्मताना वजन जितकं कमी तितका आठव्या वर्षी वरचा रक्तदाब जास्त. जन्मताना लहान आणि पुढे चरबी वाढलेली, अशा मुलांची तब्येत सगळ्यांत धोक्याची. त्याच संस्थेच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, कष्टाची कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं जन्मताना लहान होती. पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त होतं त्यांची बाळं मोठी होती.

हे दोन अभ्यास वेगवेगळे आहेत आणि एकाने दुसरं सिद्ध होत नाही. पण शेजारी शेजारी ठेवून वाचले तर शाळेतल्या पोराच्या दंडावरचा आकडा त्याच्या आईच्या डोक्यावरच्या हंड्यापर्यंत जाऊन पोचतो. इथेच सावध राहायला हवं. ‘आईमुळे’ हा शब्द आपल्या समाजात फार लवकर सापडतो. पालकसभेत डब्यातल्या कुरकुऱ्यांवरून बोलणी आईच खाते, बाप सभेला नसतोच. सातव्या महिन्यात तिच्याकडून पाणी कोण भरून घेत होतं, सगळ्यांच्या मागून ती काय जेवत होती, तिचं लग्न कितव्या वर्षी झालं, हे त्या सभेत कुणी विचारत नाही.

आता रक्तदाबाच्या यंत्राकडे वळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फिरती पथकं आली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. ही मोठी गोष्ट आहे आणि पथकातल्या सिस्टर जीव तोडून काम करताना मी बघते. पण एका दिवसात अख्खी शाळा उरकायची म्हटल्यावर काय होतं? मैदानातून धावत आलेल्या पोराच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो आणि पट्टा असतो मोठ्या माणसाचा.

याचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के रुंद हवी आणि घेराच्या ८० ते १०० टक्के लांब हवी. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा कमी दाखवतो, दुखणं झाकलं जातं. भरलेल्या दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा वाढतो आणि धडधाकट मुलगी रुग्ण ठरते. शिवाय मोठ्यांचा १२०-८० चा हिशोब लहान मुलांना तसाच लागू नाही. त्यांचा आकडा वय, लिंग आणि उंची पाहून तक्त्यावर जोखायचा असतो. मुलाला तीन ते पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. आणि एकदा जास्त आला म्हणून काही ठरत नाही, वेगवेगळ्या तीन दिवशी जास्त आला तरच नाव द्यायचं. म्हणजे मुलांची उंची नीट मोजली नसेल तर रक्तदाबही नीट कळणार नाही. अंदाजे भरलेला रकाना इथे महागात पडतो.

आपल्या मागण्या फार खर्चाच्या नाहीत. आडोसा हवा. मुलींची मापं बाईने घ्यावीत. आकडा मोठ्याने वाचू नये, चिठ्ठीवर लिहून मुलीच्या हातात द्यावा. ‘खाणं कमी कर’ हा सल्ला वर्गात कुणी देऊ नये. तीन मापांचे पट्टे असावेत आणि ज्या मुलीचा आकडा वाढलेला निघेल तिला दवाखान्यात नेण्यासाठी आईचा दिवसाचा रोजगार बुडणार नाही अशी सोय असावी. या शेवटच्या मुद्द्यावर सगळं अडतं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात. बऱ्याच ठिकाणी त्या सहीपुरत्या आहेत. पण खुर्ची कायद्याने दिलेली आहे आणि हा विषय तिथून मांडता येतो.

आमच्या गटातल्या मुलींनी गेल्या पावसाळ्यात शिंप्याची टेप घेऊन एकमेकींचे दंड मोजले, दार लावून आणि भरपूर हसत. बहुतेकींचे घेर बावीस सेंटिमीटरच्या आत भरले. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मोठ्यांच्या पट्ट्यावर ‘२२ ते ३२’ असं छापलेलं असतं, ते त्यांनी स्वतः वाचलं. पथक आलं तेव्हा आठवीतल्या एकीने विचारलं, ‘सिस्टर, हा पट्टा मला मोठा होतो ना?’ सिस्टरने बॅगेत शोधलं, लहान पट्टा नव्हता. मग मुलींनी वहीच्या कागदावर अर्ज लिहिला, खाली सतरा सह्या केल्या आणि समितीवरच्या दोन आयांच्या हाती दिला. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो चौथ्या क्रमांकावर आहे, शाळेच्या पत्र्यांच्या दुरुस्तीनंतर.