‘जुनं वाजवा’ म्हणणाऱ्यांची दहशत

हार्ड रॉकच्या चाहत्याइतका निष्ठावान श्रोता दुसरा नाही, असं आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. काळे टी-शर्ट, दंडावरचे टॅटू, ड्रमरच्या वाढदिवशी टाकलेलं स्टेटस, सगळं त्या निष्ठेचा पुरावा म्हणून दाखवतो. माझं म्हणणं असं आहे की, ही निष्ठा बऱ्याचदा गाण्यावर नसतेच. ती आपल्याच सोळाव्या वर्षावर असते. आणि तिचं बिल भरावं लागतं ते नव्या बँडला.

हे सगळ्यात उघडं पडतं सुपरग्रुपच्या पहिल्या अल्बमच्या वेळी. सुपरग्रुप म्हणजे आधीच नाव कमावलेल्या दोन-तीन बँडमधले लोक एकत्र येऊन काढलेला नवा बँड. घोषणा झाली की आपण नाचतो, ‘आता याहून भारी काही होणारच नाही’ म्हणतो. पहिलं गाणं आलं की कपाळाला आठी पडते, ‘हे त्यांच्यासारखं वाटत नाहीये.’ अल्बम आला की निकाल लागतो, ‘वेगवेगळे होते तेच बरे होते.’ या तिन्ही टप्प्यांत अल्बम नीट ऐकायला कुणी थांबलेलं नसतं.

ऑडिओस्लेव्हचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००० मध्ये झॅक डी ला रोचा ‘रेज अगेन्स्ट द मशीन’मधून बाहेर पडला. मागे राहिले गिटारवर टॉम मोरेलो, बेसवर टिम कॉमरफर्ड आणि ड्रम्सवर ब्रॅड विल्क. तिकडे ‘साउंडगार्डन’ १९९७ मध्येच फुटला होता आणि त्याचा गायक ख्रिस कॉर्नेल एकटा गात होता. निर्माता रिक रुबिननं या चौघांची गाठ घालून दिली. तालमींच्या १९ दिवसांत त्यांनी २१ गाणी रचली. ज्यांना ‘ही तर कंपनीनं जुळवलेली जोडी’ असं वाटतं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. केवळ करार सांभाळायला जमलेली माणसं या वेगानं गाणी करत नाहीत.

मग मे २००२ मध्ये त्यांचे डेमो इंटरनेटवर फुटले. कच्ची गाणी, अपुरे शब्द, तात्पुरतं मिक्सिंग. चाहत्यांनी ते डाउनलोड केलं आणि त्यावरच मत बनवून टाकलं. अल्बम आला नोव्हेंबर २००२ मध्ये. तोवर अनेकांचा निकाल लिहून तयार होता. लग्नाआधी आचाऱ्याच्या कढईतला अर्धकच्चा रस्सा चाखायचा आणि ‘जेवण फसलं’ म्हणत मांडवभर फिरायचं, त्यातलाच हा प्रकार.

तक्रारी काय होत्या? रेजचे चाहते म्हणाले, राजकारण गेलं, आग गेली, हा तर प्रेम आणि मरण यांवर गातोय. साउंडगार्डनचे चाहते म्हणाले, ते आडवेतिडवे ताल गेले, रिफ सरळसोट झाले. दोघांनाही आपापला जुना बँड परत हवा होता आणि तो न मिळाल्याचा राग चौघांवर निघाला. पण रेजमधून राजकारण ऑडिओस्लेव्हनं चोरलं नव्हतं. ते शब्द ज्याचे होते तो माणूसच बँड सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसानं त्याचीच नक्कल करावी, ही अपेक्षा कुठल्या निष्ठेत बसते?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘डिफ’ नावाची गोष्ट असते. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवायच्या, की काढलेल्या ओळी लाल दिसतात आणि घातलेल्या हिरव्या. कोड तपासायला उत्तम सोय. पण डिफ बघून प्रोग्रॅम चालवल्याचा अनुभव येत नाही. आपण सुपरग्रुपचा अल्बम डिफसारखा ऐकतो आणि त्यातही फक्त लाल ओळी वाचतो. काय गेलं याची यादी तोंडपाठ असते. काय आलं हे विचारलं की गडी गप्प.

काय आलं होतं ते सांगतो. ‘कोचीस’ या पहिल्याच गाण्याची सुरुवात ऐका. हेलिकॉप्टर जवळ येतंय असं वाटतं. तो आवाज मोरेलोनं गिटारच्या तारांवर पेन्सिल आपटून आणि तो डिलेमधून काढून तयार केला. ‘लाइक अ स्टोन’मध्ये कॉर्नेल सुरुवातीला जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा गातो. रेजच्या रिदम सेक्शनला तोवर गाण्यात अशी मोकळी जागा सोडायची फारशी वेळच आली नव्हती, कारण तिथे शब्दांचा मारा असायचा. इथे कॉमरफर्ड आणि विल्क मागे सरतात, थांबतात, आवाजाला वाट देतात. कसलेल्या वादकांनी नव्या गायकासाठी आपली सवय मोडली, ही बातमी होती. आपण मात्र बातमी केली ती झॅक नसल्याची.

माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांना हे उलट्या क्रमानं भेटलं. इंजिनिअरिंगला असताना कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून फोल्डर यायचे आणि त्यात ऑडिओस्लेव्ह आधी सापडला. रेज आणि साउंडगार्डन नंतर आले. त्यामुळे माझ्याकडे वजा करायला काहीच नव्हतं. चौदा गाणी होती आणि ती मला पुरली. यावर एका सीनिअरनं ‘आधी रेज ऐक, मग बोल’ असं ऐकवलं होतं. हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांच्या तोंडी ऐकलंय. वर्गाबाहेर उभं करणाऱ्या मास्तरचं हे वाक्य आहे. मागचा इतिहास माहीत असेल तर आनंद वाढतो, कबूल. पण इतिहासाची हजेरी लागल्याशिवाय गाणं आवडायची परवानगी नाही, हे कुणी ठरवलं?

आणि नावांवरून लावलेले हे निकाल किती पोकळ असतात, याचा पुरावा कॉर्नेलच्याच आयुष्यात आहे. त्याचा मित्र, ‘मदर लव्ह बोन’चा गायक अँड्र्यू वुड, १९९० मध्ये गेला. त्याच्या आठवणीत कॉर्नेलनं ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम केला. सोबत साउंडगार्डनचा ड्रमर होता आणि पुढे ज्यांचा ‘पर्ल जॅम’ झाला ती मंडळी होती. अल्बम एप्रिल १९९१ मध्ये आला आणि फारशी कुणी दखल घेतली नाही. १९९२ पर्यंत पर्ल जॅम आणि साउंडगार्डन घराघरांत पोहोचले, कंपनीनं तोच अल्बम पुन्हा पुढे आणला आणि तो लाखोंनी खपला. गाणी तीच, आवाज तेच, एक स्वरही बदललेला नव्हता. बदलली होती ती आपल्या कानांवर चिकटवलेली लेबलं. नाव नव्हतं तेव्हा ऐकलं नाही, नाव झालं तेव्हा डोक्यावर घेतलं. मग ऑडिओस्लेव्हला आपण कानांनी नापास केलं, यावर मी का विश्वास ठेवू?

या हट्टानं बँड मरतातही. १९६९ मध्ये एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवूड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच यांचा ‘ब्लाइंड फेथ’ उभा राहिला. ७ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्ये प्रचंड गर्दीसमोर पहिला कार्यक्रम झाला. अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. पण अमेरिकेच्या दौऱ्यात लोकांना हवी होती ‘क्रीम’ आणि ‘ट्रॅफिक’ या आधीच्या बँडची गाणी. मागणी वाढली तशी बँडनं ती वाजवायलाही सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत ब्लाइंड फेथ संपला होता. त्याला इतरही कारणं होती. पण स्वतःच्या पहिल्याच दौऱ्यावर स्वतःची गाणी परकी ठरलेला बँड किती दिवस टिकणार?

हे गोऱ्यांचे चोचले आहेत असं वाटत असेल तर घरात बघा. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. मराठी रंगभूमीचा सुपरग्रुप, दुसरा शब्द नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. शंभर वर्षांनंतर आपल्यापर्यंत काय पोहोचलं? ‘त्या रात्री कोण कोणावर भारी पडलं’ हा वाद. आमच्या नात्यातले एक आजोबा, ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, केशवरावांच्या बाजूनं तावातावानं भांडायचे. दोन आवाज एकमेकांसाठी किती वळले, कुठे थांबले, यातलं मला कधी काही ऐकायला मिळालं नाही. गाणं हवेत विरलं आणि स्कोअर तेवढा उरला.

आता म्हणाल, असेना का, मोठ्या लोकांना काय फरक पडतो? खरंच पडत नाही. रॉकस्टारला आपल्या नाराजीनं उपास घडत नाही. फरक पडतो तो इथे, पनवेल-खारघरच्या पट्ट्यात, जिथे तालमीसाठी तासावर खोली घ्यावी लागते आणि ड्रम्सच्या आवाजावरून सोसायटीची नोटीस येते. माझ्या ओळखीतल्या दोन कॉलेज बँडमधल्या पाच पोरांनी मिळून एक नवा बँड काढला. नोकऱ्या सांभाळून, रविवार घालवून सहा मराठी गाणी रचली. पहिल्या कार्यक्रमाला आलेले बहुतेक जण जुन्या दोन बँडचेच मित्र होते. दुसऱ्या गाण्यापासून आरडाओरडा सुरू झाला, ‘अरे, जुनं वाजवा!’ जुनं म्हणजे तरी काय, दुसऱ्यांच्या गाण्यांची कव्हर्स. तीन-चार कार्यक्रम असेच गेल्यावर आयोजकानंही सरळ सांगितलं, स्वतःची दोनच घ्या, बाकी लोकांना माहीत असलेलं वाजवा. आज त्यातला एक लग्नाच्या संगीतात वाजवतो, एक पुण्याला गेला, एकानं गिटार विकून मॉनिटर घेतला. ती सहा गाणी कुठेच रेकॉर्ड झालेली नाहीत. शिव्या कुणीच दिल्या नव्हत्या. ओरडणारे सगळे प्रेमानंच ओरडत होते.

यावरचा सगळ्यात चांगला प्रतिवाद मला माहीत आहे. नावं विकतात कोण? कंपन्याच ना? पोस्टरवर ‘अमुकचा गिटारिस्ट, तमुकचा गायक’ असं मोठ्या अक्षरात छापायचं आणि आम्ही तुलना केली की आम्हालाच नावं ठेवायची? मुद्दा रास्त आहे. जुन्या नावावर तिकीट विकणाऱ्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत. काही सुपरग्रुप खरोखरच सुमार असतात, त्यांना सुमार म्हणायलाच हवं. ऑडिओस्लेव्हच्या त्या अल्बममध्येही दोन-तीन गाणी नसती तर बिघडलं नसतं आणि काही ठिकाणी कॉर्नेलचे शब्द नुसतेच धूसर आहेत. पण ही टीका अल्बमच्या आत शिरून केलेली आहे. ‘रेजसारखं नाही’ हे वाक्य अल्बमच्या दाराशीही पोहोचत नाही. पोस्टर खोटं बोललं असेल तर राग पोस्टरवर काढा, गाण्याचा त्यात काय दोष?

शिवाय पोस्टरला भुलायचं की नाही, हे आपल्याच हातात आहे. ऑडिओस्लेव्हचा तो अल्बम ६५ मिनिटांचा आहे. पनवेलहून सीएसएमटीची हार्बर लोकल पकडली तर वडाळा मागे पडेपर्यंत तो पुरतो. पनवेलला बसायला जागा मिळते, हे आपलं या लाइनवरचं एकमेव ऐश्वर्य. पुढच्या वेळी एखाद्या नव्या बँडचा पहिला अल्बम येईल तेव्हा फोन खिशात ठेवा, मध्ये गाणं बदलू नका, कुठल्या बँडचा कोण हे शोधू नका. तीन फेऱ्या अशा करा. चौथ्या दिवशी आवडला नाही म्हणालात तर मी तुमचं मत मान खाली घालून ऐकीन.

पण तोवर निकाल देऊ नका. आणि खारघरच्या एखाद्या कॅफेत पाच पोरं घाबरत घाबरत स्वतःचं दुसरं गाणं सुरू करतील, तेव्हा मागच्या टेबलावरून कुणी ‘जुनं वाजवा’ म्हणून ओरडलं, तर त्याला गप्प बसवायची जबाबदारी शेजारी बसलेल्या तुमची आहे. तो तुमचा मित्र असला तरीही.