सूत्रकृमी: अर्काआधी मुळे पाहा

संपादक महोदय,

'झेंडूच्या पानांचा रस ओता आणि टोमॅटोवरील सूत्रकृमी संपवा' हा मागील अंकातील लेखातला सल्ला वाचून राहवले नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वनस्पती अर्काने सूत्रकृमींची पिल्ले मरतात, हे खरे. पण शेतात तोच अर्क पातळ होतो, मातीच्या सेंद्रिय कणांना चिकटतो, जिवाणू त्याचे विघटन करतात. शिवाय सूत्रकृमीची मादी तिच्यामुळे मुळावर आलेल्या गाठीत बसलेली आणि अंडी चिकट आवरणात. तिथे रस पोचणार कसा? मार बसतो तो मुख्यतः मातीत फिरणाऱ्या पिल्लांना.

झेंडूची खरी ताकद त्याच्या जिवंत मुळांत आहे. म्हणून टोमॅटोआधी झेंडूचे दाट पीक घ्यावे, तेही पूर्ण हंगामभर. लागवडीपूर्वी हेक्टरी दोन टन निंबोळी पेंड मातीत मिसळावी. कुजताना ती हळूहळू काम करते. रोपवाटिकेचा तर लेखात उल्लेखही नाही! मुळांवर अशा गाठी असलेली रोपे लावली, की कोणताही अर्क ते शेत वाचवू शकत नाही.

अर्काला माझा विरोध नाही. शेतकऱ्याला एकट्या अर्काच्या भरवशावर सोडण्याला आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, रोपे घेताना दोन-चार उपटून मुळे जरूर तपासा.

— एक टोमॅटो उत्पादक, जि. पुणे