मामाच्या गाडीची सात वर्षं

ऑफिसच्या कॅबचा एसी बंद पडला की आपण लगेच कम्प्लेंट टाकतो. नंदुरबारच्या माझ्या मामाची पिकअप आहे २०१३ची. पाटे दोनदा तुटले, हौद्याचा पत्रा गंजला, सेकंड गिअर मधेच सुटतो. हँडब्रेक तर तिसऱ्या वर्षापासूनच धड लागत नाही. चाकाखाली लावायला दगड कायम सोबत. आणि हीच गाडी धडगावहून आमचूर घेऊन चांदसैलीचा घाट उतरते!

‘कंपनीला कळवलं नाहीस?’

‘कळवून काय होतं? स्टँडवर तिघांचं हेच रडगाणं आहे.’

एप्रिल २०२१पासून मात्र नियम आहे. एकाच दोषाच्या ठरावीक तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी. मामाची त्याआधीच म्हातारी झाली होती! आता उरलंय दरवर्षीचं फिटनेस सर्टिफिकेट. तिथे जाब मालकालाच विचारतात.

तेव्हा गाडी नवी असेल, तर स्टँडवर कुरकुरण्यापेक्षा तक्रार नोंदवा. आणि मामा, यंदाच्या आमचुराआधी तो हँडब्रेक कर. अर्धं बिल माझं. एक वीकेंड आउटिंग कॅन्सल, बस!