साधेपणाची फॅशन

सत्तरच्या दशकातील फॅशनचा विषय निघाला की बेलबॉटम, जाड तळव्यांचे उंच बूट आणि १९७३ च्या ‘बॉबी’तील ठिपक्यांचा ब्लाउज आठवतो. हे सारे उथळ अनुकरण, असा शेरा मारून आपण अभ्यासक मोकळे होतो. त्याच काळातील खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि पायांत कोल्हापुरी हा वेष मात्र आपण ‘साधेपणा’ म्हणून गौरवितो.

हा भेदच मुळात खोटा आहे. झब्बा-कोल्हापुरी हीदेखील फॅशनच होती. तिला विचारसरणीचे अस्तर होते, इतकेच. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना अनेक गावांत सवर्णांसमोर पायांत वहाणा घालण्याची मुभा नव्हती. त्याच समाजांतील चर्मकार आणि ढोर कारागिरांनी कातडे कमावून ही वहाण घडविली. जिला वहाण सहज लाभली, त्याच पावलांना तिच्यात साधेपणा दिसू शकतो.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने तशीच वहाण मूळ न सांगता मांडली, तेव्हा आपण संतापलो. संताप रास्तच होता. पण पन्नास वर्षे ती मिरविताना कारागिराचा उल्लेख आपण तरी कितीदा केला?