चोरीचा आळ आणि रमची पिंपे

हवानाच्या बंदराला लागून जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या वाड्यात 'हवाना क्लब' रमचे संग्रहालय आहे. २००० साली ते उघडले. उसाचे चरक, मळी आंबवण्याची पात्रे, ओक लाकडाची पिंपे आणि साखर कारखान्याची एक चिमुकली प्रतिकृती दाखवून झाली, की प्रवाशांच्या हाती एक लहानसा पेला दिला जातो. युरोपातून वा कॅनडातून आलेला प्रवासी तो रिकामा करतो आणि जाताना एखादी बाटली विकत घेतो. ही बाटली जगातल्या अनेक देशांत राजरोस विकली जाते. क्यूबाच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या अमेरिकेत मात्र तिला बंदी आहे. तेथे याच नावाची दुसरीच बाटली मिळते. तिच्यातील रम क्यूबातील नाही, आणि तिची मालकीण आहे बकार्डी कंपनी.

डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी जाता जाता एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याचे नावच मुळी 'चोरलेल्या व्यापारचिन्हांना अमेरिकेत मान नाही' अशा अर्थाचे आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही पक्षांचे सभासद या विधेयकामागे एकदिलाने उभे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: क्यूबाच्या सरकारने १९६० साली रमचे कारखाने चोरले, त्यांची नावे चोरली आणि आज तो चोरीचा माल जगभर विकला जात आहे.

चोरी हा शब्द त्यांनीच काढला हे बरे झाले. मग त्याचा हिशेब मुळापासूनच झाला पाहिजे.

रम उसापासून होते, असे प्रवासी-पुस्तकांत लिहिलेले असते. रम होते मळीपासून, म्हणजे साखर काढून घेतल्यावर जे काळे, चिकट द्रव्य उरते त्यापासून. मळी म्हणजे काय हे कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या वाचकाला सांगावे लागत नाही. कारखान्याशेजारी आसवनी का उभी राहते, हेही त्याला ठाऊक आहे. आधी साखर, मग मळी, मग रम. आणि साखरेच्याही आधी उसाच्या फडात वाकलेला माणूस. क्यूबात हा माणूस आफ्रिकेतून साखळदंड घालून आणलेला होता. १७९१ साली हैतीतील गुलामांनी उठाव करून तेथली मळेदारी उद्ध्वस्त केली. तेव्हा जगाच्या साखरबाजारात पडलेली पोकळी भरून काढण्यास क्यूबाचे मळेदार पुढे सरसावले, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत या बेटावर गुलामांचा लोंढाच लोटला. सगळ्या काळात मिळून क्यूबात आणलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या सात-आठ लाखांच्या घरात जाते. शिवाय १८४७ ते १८७४ या काळात करारमजूर म्हणून सव्वा लाखाच्या आसपास चिनी कष्टकरी तेथे उतरवले गेले. तो करार कागदावर होता. फडातील वागणूक गुलामाचीच होती.

क्यूबातील गुलामगिरी संपली १८८६ साली, आणि ती कशी संपली हे मालमत्तेच्या पावित्र्यावर व्याख्याने झोडणाऱ्यांनी जरूर वाचावे. १८८० च्या स्पॅनिश कायद्याने गुलामांना 'मुक्त' केले ते या अटीवर, की त्यांनी आणखी आठ वर्षे त्याच मालकाकडे राबावे. स्वतःच्या स्वातंत्र्याची किंमत गुलामाने स्वतःच्या घामाने मालकाला चुकती करायची, असा तो न्याय! प्रतिकार वाढत गेला आणि दोन वर्षे आधीच हे लोढणे काढून टाकणे भाग पडले. या लुटीबद्दल वॉशिंग्टनमध्ये आजवर कोणते विधेयक आले?

बकार्डीचा इतिहास याच काळात सुरू होतो. कॅटलोनियातून आलेले फाकुंदो बकार्डी यांनी १८६२ साली सांतियागो शहरात एक लहानशी आसवनी विकत घेतली. तिच्या आढ्याला वटवाघळे लोंबकळत होती आणि त्यांवरूनच बाटलीवरचे चिन्ह घेतले, अशी कथा कंपनी आजही सांगते. कोळशातून गाळून आणि पिंपात मुरवून हलकी, स्वच्छ रम काढण्याची जी रीत त्यांनी बसवली, तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांचे पुत्र एमिलिओ यांना स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या लढ्यात भाग घेतल्याबद्दल हद्दपारी भोगावी लागली आणि पुढे ते सांतियागोचे महापौर झाले, हेही खरेच. इतकेच काय, बतिस्ताच्या हुकूमशाहीविरुद्ध या घराण्यातील अनेकांची सहानुभूती बंडखोरांकडे होती. राष्ट्रीय भांडवलदार साम्राज्यशाहीशी काही पावले लढतो, आणि क्रांती त्याच्या तिजोरीपर्यंत पोचली की पाठ फिरवतो; क्यूबाचा अनुभव या नियमाला अपवाद ठरला नाही.

मधल्या काळात रमचे काय झाले? १८९८ साली स्पेनचा पाडाव होत असतानाच अमेरिकन सैन्य या बेटावर उतरले, ते सांतियागोजवळच्या दाइकिरी येथे. तेथल्या लोखंडाच्या खाणींतील एका अमेरिकन अभियंत्याच्या नावावर 'दाइकिरी' हे रम, लिंबू आणि साखरेचे पेय सांगितले जाते. रममध्ये कोका-कोला मिसळून त्याला 'क्यूबा लिब्रे', म्हणजे 'स्वतंत्र क्यूबा', असे नाव पडले तेही याच सुमारास. देशाच्या घटनेत अमेरिकेने हस्तक्षेपाचा हक्क लिहवून घेतला, आणि स्वातंत्र्य उरले ते पेल्यात! १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा तहानलेले श्रीमंत बोटी भरभरून हवानाला येऊ लागले. जुगारखाने, कुंटणखाने आणि मद्यगृहे यांची जी हवाना पुढे बतिस्ताच्या काळात कुप्रसिद्ध झाली, तिचा पाया तेथे घातला गेला. आज प्रवासी-मासिके 'क्यूबाची रम-संस्कृती' म्हणून ज्याचे गोडवे गातात ते बहुतांशी हेच असते: हेमिंग्वेची खुर्ची, पांढरा कोट घातलेला वाढपी, बर्फाचा चुरा.

क्यूबातील कष्टकऱ्यांची रम निराळी आहे. स्वातंत्र्ययुद्धातील लढवय्ये मध, लिंबू आणि कच्ची उसाची दारू एकत्र करून पीत. त्या पेयाला 'कांचांचारा' म्हणतात. बाटली उघडली की पहिले चार थेंब संतांसाठी जमिनीवर सांडायचे, ही गुलामांच्या वंशजांची रीत आजही घराघरांत पाळली जाते. आफ्रिकेतून आलेल्या दैवतांपुढे तोंडातून रमची फुंकर मारली जाते. सांतियागोचा जुलैतील उत्सव हा ऊसतोडीचा हंगाम आटोपून मोकळ्या झालेल्या मजुरांचा उत्सव म्हणून वाढला. २६ जुलै १९५३ रोजी फिडेल कास्त्रो आणि त्यांच्या साथीदारांनी मोंकादा छावणीवर हल्ला केला, तो याच उत्सवाच्या धामधुमीत. यातले काहीही बकार्डीच्या जाहिरातखात्याने निर्माण केलेले नाही.

आता १९६० कडे वळू. त्या जूनमध्ये अमेरिकन तेलकंपन्यांनी सोव्हिएत तेल शुद्ध करण्याचे नाकारले. जुलैमध्ये अमेरिकेने क्यूबाच्या साखरेची ठरलेली खरेदी तोडली. एका पिकावर जगणाऱ्या देशाचा गळा आवळण्याचा हा प्रयत्न होता. त्यानंतर, १३ ऑक्टोबर १९६० रोजी ३८२ मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे करण्यात आले. साखर कारखाने आणि आसवन्या त्यांत आल्या, बकार्डीही आली. 'हवाना क्लब'चे मूळ उत्पादक, कार्देनास गावचे आरेचाबाला घराणे, यांचा कारखाना त्याच वर्षी आधी ताब्यात घेतला गेला होता. फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन, कॅनडा आणि स्पेन या देशांशी त्यांच्या नागरिकांच्या मालमत्तेबद्दल क्यूबाने पुढे रीतसर भरपाईचे करार केले. अमेरिकेशी तसा करार झाला नाही, कारण अमेरिकेला भरपाई नको होती. तिला १९५८ सालचा क्यूबा परत हवा होता.

बकार्डीने काय केले? मेक्सिको आणि पोर्तो रिको येथे तिचे कारखाने आधीपासून होते, व्यापारचिन्हे देशाबाहेर नेऊन ठेवलेली होती. त्यामुळे धंद्याला खीळ बसली नाही. कंपनीचे तत्कालीन प्रमुख पेपिन बॉश यांचे नाव १९६४ च्या सी.आय.ए.च्या टिपणात आढळते. क्यूबाच्या नेत्यांच्या हत्येच्या कटासाठी पैसा देऊ करणाऱ्यांत ते होते, अशी नोंद त्या टिपणात आहे. ते पुढे अमेरिकन सरकारनेच खुले केले, तेव्हा याला 'लाल प्रचार' म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

आरेचाबाला घराण्याची गोष्ट तर भांडवली कायद्याच्याच कसोटीवर टिकत नाही. त्यांच्या 'हवाना क्लब' नावाची अमेरिकेतील नोंद १९७३ साली, नूतनीकरण न झाल्यामुळे, संपली. १९७६ साली क्यूबाच्या निर्यात संस्थेने तीच नोंद रीतसर अर्ज करून, अमेरिकन कार्यालयातूनच मिळवली. कारखानाच गेला तर नोंद कशासाठी चालू ठेवायची, असा युक्तिवाद केला जातो. पण कारखाना तर बकार्डीचाही गेला होता. तिने नाव टिकवलेच ना? वस्तुस्थिती अशी, की वीस वर्षे या नावात कोणालाही रस नव्हता. १९९३ साली क्यूबाने फ्रान्सच्या पेर्नो रिकार कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत संयुक्त कंपनी काढली, 'हवाना क्लब'चा खप जगभर वाढू लागला, आणि मग बकार्डीला आरेचाबाला घराण्याची एकाएकी आठवण झाली. घराण्याचे 'हक्क' विकत घेण्यात आले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या अवाढव्य खर्चविधेयकाच्या पोटात 'कलम २११' गुपचूप घुसडण्यात आले. राष्ट्रीयीकरण झालेल्या क्यूबन उद्योगांच्या चिन्हांना, मूळ मालकाच्या संमतीवाचून, अमेरिकन न्यायालयांनी दादच देऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे खटला चालू असताना एका पक्षकाराने न्यायाधीशाच्या हाती नवा कायदा ठेवला. जागतिक व्यापार संघटना ही काही कामगारांची संघटना नव्हे. तिनेही युरोपच्या तक्रारीवरून २००२ साली हे कलम भेदभाव करणारे ठरवले. वीस वर्षे उलटून गेली तरी अमेरिकेने तो निर्णय पाळलेला नाही. उलट २०१६ साली ओबामांच्या कारकिर्दीत क्यूबाच्या नोंदीचे नूतनीकरण झाले, तेव्हा ती वाट कायमची बुजवण्यासाठी २०२४ चा कायदा आणला गेला. या सगळ्या काळात हजारो अमेरिकन व्यापारचिन्हे क्यूबात नोंदलेली आहेत आणि क्यूबा ती मानतो. चोर कोण?

काही वाचकांना दुसराच प्रश्न पडेल. गावोगाव दारूचे गुत्ते बंद करण्यासाठी झगडणाऱ्या महिलांच्या चळवळीत ज्यांची हयात गेली, त्यांनी रमच्या बाटलीची वकिली का करावी? प्रश्न रास्त आहे. दारू कामगाराचे घर बुडवते हे क्यूबातही खरे आहे, आणि समाजवादी सरकारने गाळली म्हणून ती दूध होत नाही. येथे वकिली आहे ती बाटलीची नव्हे. मळी आंबवणाऱ्या, भट्टी राखणाऱ्या, पिंपाचा वास घेऊन रम कधी उतरवायची हे ठरवणाऱ्या माणसांचे पिढ्यांचे ज्ञान कोणाचे, हा मुद्दा आहे. २०२२ साली युनेस्कोने क्यूबाच्या रम-उस्तादांच्या ज्ञानाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. मालक बहामात, बर्म्युडात गेले. हे उस्ताद आणि त्यांचे शागीर्द सांतियागोतच राहिले. बकार्डीच्या जुन्या कोठारात तीच पिंपे सांभाळत त्यांनी 'कानेय' आणि 'सांतियागो दे क्यूबा' या रम काढल्या.

मात्र आत्मसंतुष्ट राहण्यासारखी परिस्थिती नाही, आणि ती लपवण्यात क्यूबाची मैत्री नाही. फ्रेंच कंपनीपाठोपाठ २०१९ साली 'सांतियागो दे क्यूबा'च्या विक्रीत डिआजिओ ही ब्रिटिश मक्तेदार कंपनी भागीदार झाली. नाकेबंदीत परकीय चलन मिळवायचे तर बाजारपेठ ज्याच्या हाती त्याच्याशी तडजोड करावी लागते. पण नफ्याचा वाटा देशाबाहेर जातो हे विसरता येत नाही. त्याहून गंभीर आहे ती साखरेची स्थिती. १९७० साली एक कोटी टनांचे लक्ष्य हुकले तरी सुमारे ८५ लाख टन साखर निघाली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल, खते, सुटे भाग सारेच आटले. त्या हलाखीच्या दिवसांत, १९९२ साली, भारतातील कम्युनिस्टांनी घरोघर फिरून गोळा केलेला दहा हजार टन गहू 'कॅरिबियन प्रिन्सेस' बोटीने हवानाला पोचला होता. अनेक जुन्या सभासदांना ती मोहीम आठवत असेल. २००२ साली १५६ साखर कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे बंद करण्यात आले. २०२४-२५ च्या हंगामात उत्पादन दोन लाख टनांच्याही खाली गेले, आणि एके काळी जगाला साखर पुरवणारा हा देश आज ती आयात करतो. क्यूबन रम क्यूबातील उसाचीच असली पाहिजे असा तेथला नियम आहे. आज पिंपात घातलेली रम काही वर्षांनी बाटलीत येते. म्हणून या वर्षीचा रिकामा फड संग्रहालयातील प्रवाशाला इतक्यात दिसणार नाही. बकार्डीच्या वकिलांना मात्र तो दिसतो, आणि इंधनाचे जहाज अडवणाऱ्यांनाही.